चाक नव्हे, पायताण

मी तलवारीची चकती बोलतेय. तलवार केव्हाच गेली. मूठ गेली, म्यान गेलं, ती कमरेला लावणारा गेला. उरले ती मी एकटी. पातं आणि मूठ यांच्यामधे बसायचं आणि लढणाऱ्याचं बोट पात्यावर घसरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. आमच्याकडे मला त्सुबा म्हणतात. तळहातात मावेल एवढं लोखंड, मधोमध पातं शिरायचं उभं भोक, आणि भोवती कापलेली जाळी.

सध्या मी एका संग्रहालयात बुटक्या काचेच्या कपाटात, जांभळ्या मखमलीवर बसलेय. शेजारी पाटी आहे. पाटीवर लिहिलंय : 'नदीच्या प्रवाहात भिजत ठेवलेले राजरथाचे चाक. क्योतो घराणे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे काम.'

सगळं खोटं. मी चाक नाही. क्योतोची तर मुळीच नाही. आणि वयाचं म्हणाल तर शंभरीच्या जरा पुढे. बायका वय कमी करून सांगतात म्हणे. माझं तर या पुरुषांनी चारशे वर्षांनी वाढवून ठेवलंय.

ऐकायचं असेल तर थांबा. नसेल तर पुढच्या कपाटात सोन्याचे ड्रॅगन आहेत, तिकडे व्हा.

माझा जन्म आइझूतला. चहूबाजूंनी डोंगर, आणि वर्षातले चार-पाच महिने नुसता बर्फ. किल्ल्याच्या खालच्या आळीत जिन्पाची नावाचा कारागीर चकत्या घडवायचा. आमच्या आइझूच्या चकत्यांना मोठ्या शहरांत मान नव्हता. 'बाजारी माल' म्हणायचे. जिन्पाचीला ते ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही. तो लोखंड ठोकायचा, लोकांची बोलणी नाही.

एके दिवशी होशी योगोरो त्याच्याकडे आला. खालच्या दर्जाचा सामुराय, खिंडीतल्या चौकीवरचा पहारेकरी. नुकतंच लग्न झालेलं.

"काय कापू?" जिन्पाचीने विचारलं. "बांबू? बगळे? का लाटेतला चंद्र?"

"बर्फावरचं पायताण काप."

जिन्पाचीने हातोडी खाली ठेवली. "डोकं ठिकाणावर आहे ना, होशीसाहेब? तलवारीला पायताण?"

"गेल्या हिवाळ्यात खिंडीत तीन दिवस अडकलो होतो. तेव्हा बगळा आला नाही सोडवायला, चंद्रही आला नाही. पायताणानेच घरी आणलं."

आता हे पायताण म्हणजे काय, ते ज्यांनी बर्फ तुडवला नाही त्यांच्यासाठी सांगते. ओली फांदी गरम पाण्यात वाकवून तिचं गोल कडं करायचं. त्यावर आडवे दोर ताणायचे. दोन बाजूंना दोन लाकडी नखं. पावलाखाली बांधलं की माणूस बर्फात कमरेपर्यंत रुतत नाही, वरून चालतो. आइझूत घरोघरी हिवाळ्यात ती दाराशी टांगलेली असतात.

"आणि दोराची गाठ उलटी काप," योगोरो म्हणाला.

"उलटी म्हणजे?"

"डाव्या हाताची. माझी बायको डावरी आहे. माझी पायताणं तीच बांधते."

"म्हणजे बायकोची गाठ तलवारीवर मिरवणार! चौकीवरचे लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठं कळतंय गाठ कुठल्या हाताची ते."

दोघंही हसले. माझ्यावर अजून छिन्नी पडायची होती, पण कोऱ्या लोखंडालाही कान असतात. ते वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून ऐकलं. पुढे तेच माझ्या कपाळी लिहिलं गेलं.

जिन्पाचीने त्या हिवाळ्यात माझ्यावर जीव ओतला. आयुष्यभर जाड, ठसठशीत कापणारा माणूस. पण दोर दाखवायचा म्हणून त्याने माझ्यात केसाएवढ्या बारीक रेघा कापल्या. माझी कड म्हणजे फांदीचं कडं. पाऊल ठेवायचं तिथे पात्याचं भोक. आणि उजव्या अंगाला, नखाच्या वर, ती गाठ. काम झाल्यावर त्याने मला प्रकाशासमोर धरलं आणि स्वतःशीच म्हणाला, "हे मी कापलं?" नाव मात्र घातलं नाही. म्हणाला, पायताणावर कुणी सही करतं का.

योगोरोच्या बायकोचं नाव इसो. तिने मला पाहिलं आणि पदराने तोंड झाकावं तशी बाही तोंडावर धरली.

"अहो, हे काय! निदान गाठ तरी सुलट काढायची."

"सुलट काढली तर तुझी कशी?"

बास. माझ्या आयुष्यातलं सुख एवढंच. पुढच्याच वर्षी लढाई आली.

लढाईचं मी काही सांगणार नाही. ज्याला तिची गोष्ट करून सांगावीशी वाटते, त्याने ती पाहिलेली नसते. पानगळीच्या दिवसांत, धुक्यात, खिंडीत योगोरो पडला. बर्फ पडायला अजून महिना होता. पायताणांची वेळच आली नाही. त्याचा देह सापडला नाही. एका सोबत्याने तेवढी तलवार इसोच्या हातात आणून दिली.

आइझू हरलं. हरलेल्यांना उत्तरेच्या टोकाला, समुद्राच्या वाऱ्यात, काही न पिकणाऱ्या जमिनीवर पाठवलं. इसो पाठीवर तान्ही मुलगी बांधून गेली. तिथे पातं आधी विकलं गेलं. मुठीतली खुंटी काढून तिने मला मात्र सोडवून घेतलं होतं आणि कमरपट्ट्यात ठेवलं होतं. लोक मुळं उकरून खात होते. एका थंडीत मुलगी रडायचीसुद्धा थांबली, तेव्हा इसोने मला एका फेरीवाल्यापुढे धरलं.

त्याने मला नखाने टिचकी मारली. "आइझूची. बाजारी." आणि ओच्यात ओंजळभर वरी टाकली.

इसोने मला देण्याआधी गाठीवरून अंगठा फिरवला. एकदाच. आई लेकराची दृष्ट काढते तसा. मी तिच्यावर रागावले नाही. वरी शिजली, मुलगी जगली. ओंजळभर वरीत एक जीव वाचला, यापेक्षा मोठं मोल माझं पुढे कधी झालं नाही. आता या काचेत तर नाहीच.

त्यानंतर नव्वदएक वर्षं मी माणसात नव्हतेच म्हणा. फेरीवाल्याकडून एका कोळ्याकडे गेले. त्याने माझ्या भोकातून सुतळी ओवून मला जाळ्याचं वजन केलं. खाऱ्या पाण्यात बुडायचं, मासळीबरोबर वर यायचं, पुन्हा बुडायचं. गंजाने माझी जाळी बुजत गेली. दोर बुजले, नखं बुजली, गाठही बुजली. शेवटी मी म्हणजे एक तपकिरी वडी. कोळ्याचा नातू बोट मोडीत काढताना मलाही भंगारात टाकून मोकळा झाला.

भंगाराच्या एका पेटीतून मी पुन्हा आइझूत आले. कोबारी नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या दुकानात. आणि तिथे मागच्या खोलीत, खिडकीपाशी तोवा बसलेली होती.

तोवा. उत्तरेत वरी खाऊन जगलेल्या त्या मुलीची मुलगी. म्हणजे इसोची नात. पुढे कधीतरी मायलेकी आइझूत परतल्या होत्या.

सत्तरीची बाई. पाठीत वाकलेली, पण मान ताठ. चाळीस वर्षं ती चकत्यांचा गंज काढायचं काम करत होती. हरणाच्या शिंगाचं टोक, बांबूची काडी आणि जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या, एवढीच तिची हत्यारं. पारखी मंडळींच्या मंडळात बायकांना जागा नव्हती. तिला कुणी शिकवलं नाही. पण चाळीस वर्षं चांगल्या-वाईट चकत्या जिच्या मांडीवर आल्या, तिला कोण काय शिकवणार? कोबारीच्या दुकानात कुणी नवखा शिरला, की ती मागून न उठता सांगायची.

"ती ओवारी प्रांताची. कडेवरून बोट फिरवा, लोखंडातली गाठ हाडासारखी लागते की नाही? ... ती ठेवा खाली, ती हिगोची. लोखंड कसं, घेवड्याच्या गोड वडीसारखं तुळतुळीत. ... आणि ती क्योतोची. रेघ बघा, जेवढ्यास तेवढी. श्रीमंताघरच्या सुनेसारखी, बोलते कमी."

"आणि आइझूची कशी ओळखायची हो आजी?"

"ती ओळखायची नसते. तिला नावं ठेवायची असतात."

तोवाची आजी इसो तिला रोज एक गोष्ट सांगायची. गोष्ट कसली, ध्यासच तो : आजोबांच्या थडग्याखाली काहीच नाही. ना हाड, ना केस. त्यांचं म्हणून जगात जे एक उरलंय, ते जिन्पाचीने कापलेलं लोखंडाचं पायताण आहे, त्याची गाठ डाव्या हाताची आहे, आणि ते मी माझ्या हाताने देऊन टाकलंय. तू शोध. सापडलं तर त्यांच्या थडग्याखाली ठेव. इसो मेली तीसुद्धा तोवाच्या मनगटावर डाव्या हाताने दोरीची गाठ मारून दाखवता दाखवता.

म्हणून तोवा या धंद्यात आली. पोटासाठी नव्हे. आइझूत गंजलेली चकती आली की ती तिच्या मांडीवर यावी, म्हणून.

मी आले.

सुरुवातीला तिने ओळखलं नाही. ओळखणार कसं, मला तरी कुठे मी ओळखू येत होते? वसंतात तिने शिंगाचं टोक माझ्यावर टेकवलं. रोज थोडं थोडं. खरवडायचं नाही, मन वळवायचं. महिन्याभराने एक दोर मोकळा झाला. मग एक नख. तिचा हात मंद झाला. आषाढातल्या एका दुपारी तिने बांबूच्या काडीने माझ्या उजव्या अंगाचा गंज उचलला, आणि गाठ उघडी पडली.

तिने मला खाली ठेवलं. उठून गेली, तोंड धुतलं, परत आली. मग गाठीवरून अंगठा फिरवला.

तोच अंगठा. शपथेवर सांगते, तोच.

संध्याकाळी तिने कोबारीला विचारलं, "मालक, ही मला द्याल?"

कोबारी तसा वाईट नव्हता. व्यापारी होता. त्याने मला वरखाली पाहिलं. "ही? आइझूचीच ना? गंज काढून झाला की न्या आजीबाई. सणाची भेट म्हणा हवं तर. हा माल विचारतो कोण?"

"शब्द?"

"शब्द."

त्या वर्षीच्या पानगळीत योगोरोच्या मरणाला शंभर वर्षं होणार होती. आमच्याकडे शंभराव्या वर्षीचं श्राद्ध मोठं. त्यानंतर मेलेला माणूस वेगळा राहत नाही, पूर्वजांच्या घोळक्यात मिसळतो. म्हणजे त्याच्या आत मला थडग्याखाली जायचं होतं. तोवाने भटजींना निरोप दिला, दगड हलवायला माणसं सांगितली.

आणि मग तिने ती चूक केली, जी फक्त तिच्यासारखीच बाई करू शकते.

गाठ सापडली तिथेच तिने थांबायला हवं होतं. अर्ध्या गंजानिशी मला उचलून बाहीत लपवून घरी जायला हवं होतं. कोबारीसुद्धा म्हणाला, "पुरे की आता. आइझूच्या चकतीला किती गोंजारणार? तारेचा ब्रश मारा, दोन दिवसांत मोकळ्या व्हा."

"तो ब्रश तुमच्या तोंडावरून फिरवा," तोवा म्हणाली. "आजोबांना भेटायला जायचंय तिला. मळक्या तोंडाने पाठवू?"

आणखी दोन महिने तिने मला घासलं. चाळीस वर्षांत शिकलेलं सगळं तिने माझ्यावर ओतलं. चिंधीने चोळून चोळून काळ्या लोखंडाला अशी निळसर खोल झळाळी आणली, की जिन्पाचीनेसुद्धा मला ओळखलं नसतं. त्या केसाएवढ्या रेघा पुन्हा उभ्या राहिल्या. मी सुंदर झाले. तिथेच घात झाला.

तिचीच माया माझ्या मुळावर आली. वाईट घासली असती, तर मी आज माझ्या माणसाजवळ असते.

पानगळीत पारखी मंडळाची बैठक आइझूत भरली. क्योतोहून काराशिमा गुरुजी आले. पांढरे केस, मऊ बोलणं, देशभरात नाव. त्यांनी चकती पाहून तिच्या लाकडी पेटीच्या झाकणावर घराणं आणि नक्षी आपल्या हाताने शाईने लिहिली, की तो शेवटचा शब्द. त्या लेखणीच्या वर कोर्ट नाही. सकाळी ते सहज कोबारीच्या दुकानात डोकावले. मी तोवाच्या कामाच्या गादीवर पडले होते. तोवा बैठकीच्या चहाच्या तयारीला गेली होती.

गुरुजींनी मला रुमालात उचललं. उजेडाकडे धरून फिरवलं. मग म्हणाले, "कोबारी, ही कुठे मिळाली? अहो, हे भिजत घातलेलं रथाचं चाक. लाकूड तडकू नये म्हणून नदीत ठेवायचे ना, ते. या लाटा बघा. ही रेघ क्योतोशिवाय दुसरीकडे होत नाही."

कोबारीने तोंड उघडलं. मिटलं. मग तो पेटी आणि शाई घेऊन आला.

शब्दाचं काय झालं म्हणता? व्यापाऱ्याच्या शब्दाला झाकण नसतं.

दुपारी एका खानावळीच्या माडीवर वीसेक पुरुष मांडी घालून बसले. आमच्याकडे हा एक खेळच असतो. चकत्या एकेक करून हातोहात फिरतात, प्रत्येकाने चिठ्ठीवर घराणं आणि नक्षी लिहून द्यायची, मग गुरुजी सांगतात कोण बरोबर, कोण जवळपास. शेवटची चकती मी. बहुतेकांनी 'क्योतो' लिहिलं. गुरुजींचा चेहरा वाचून लिहिलं, लोखंड वाचून नाही. तोवा चहा वाढत होती. तिने मला त्या घोळक्यात पाहिलं. मग तिने किटली ठेवली, चिठ्ठी ओढली, लिहिली आणि थाळीत टाकली.

गुरुजी चिठ्ठ्या वाचत होते. "ही शेवटची. 'आइझू. बर्फावरचं पायताण. गाठ डाव्या हाताची. कारागीर जिन्पाची.'" त्यांनी मान वर केली. "ही कुणाची?"

माडीवर हशा पिकला. एक जाडा गृहस्थ म्हणाला, "पायताण खाली दाराशी काढायचं असतं हो! माडीवर कुणी आणलं?"

"मी आणलं," तोवा म्हणाली. "चिठ्ठी माझी."

हसू जरा ओसरलं. गुरुजी समजुतीने म्हणाले, "बाई, सामुरायच्या तलवारीवर पायताण कोण कोरून घेईल?"

"ज्याने बर्फ तुडवलाय तो. तुमच्या क्योतोत बर्फ पडतो तो बघायला. आमच्याकडे पडतो तो गाडायला."

"पण या लाटा —"

"लाटा नाहीत, दोर आहेत. लाटेला गाठ मारलेली कुणी पाहिलीय का, गुरुजी?"

कुणी हसलं नाही. मला वाटलं, झालं. आता हा म्हातारा मला नीट बघेल. त्याने बघितलंही. भुवया जराशा हलल्या.

तेवढ्यात कोबारी म्हणाला, "आजीबाई, चहा गार होतोय," आणि त्याने पेटीचं झाकण सगळ्यांना दिसेल असं उभं धरलं. 'राजरथाचे चाक. क्योतो.' खाली गुरुजींची लाल मोहर. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांपुढे गाठीचं काय चालणार?

बैठक उठल्यावर गुरुजी मागच्या ओसरीवर आले. तोवा कप विसळत होती. त्यांच्या हातात रुमालात मी होते.

"ती गाठ मला मारून दाखवाल?" ते हळूच म्हणाले.

तोवाने ओल्या हातांनी कमरेची दोरी सोडली आणि डाव्या हाताने गाठ मारली. गुरुजी एकदा दोरीकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिलं.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग बदला ते झाकण."

"झाकणावर लिहिलं की लिहिलं, बाई. आजवर हजारो पेट्यांवर माझा हात आहे. एक झाकण खोटं निघालं, तर लोक बाकीची घेऊन दारात उभे राहतील."

"राहू देत. खोटी असतील ती खोटी निघतील."

"माझं वय झालं आता."

"आणि माझं काय बारसं झालंय?" तोवा म्हणाली. "गुरुजी, थडग्याखाली काहीच नाही हो माझ्या आजोबांच्या. पुढच्या आठवड्यात शंभर वर्षं होतात. मला मान नको, नाव नको. तुम्ही फक्त म्हणा की ही आइझूची आहे, बाजारी आहे. तेवढं म्हणालात की ती मला मिळते."

चाळीस वर्षं जो शब्द ऐकून तिचं रक्त उकळायचं, तोच शब्द ती भीक मागावा तसा मागत होती. मी ते ऐकलं. लोखंडाला रडता येत असतं, तर त्या दिवशी मी पुन्हा गंजले असते.

गुरुजी खाली बघत म्हणाले, "तुमच्या आजोबांच्या चकतीचा मानच वाढला ना पण? राजाचा रथ झाला."

"माझा आजोबा पायीच होता," तोवा म्हणाली.

त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. खोल, खरा नमस्कार. आणि मला रुमालात गुंडाळून आत घेऊन गेले. नमस्कार करून पाप फिटतं असं मोठ्या माणसांना वाटतं.

शंभराव्या वर्षाचं श्राद्ध झालं. भटजींनी मंत्र म्हटले. दगड हलवला नाही. ठेवायला काही नव्हतंच.

मला या संग्रहालयात आणलं. हिवाळ्यात दालन उघडलं तेव्हा रांग लागली. लोक वाकून पाटी वाचायचे, मग मला बघायचे, मान हलवायचे. आधी पाटी, मग मी. माणसाची ही खोड मला इथेच कळली : वाचून झालं की तो पाहणं संपवतो.

एका सकाळी बाहेर बर्फ पडत असताना तोवा आली. अंगावर जुना कापूस भरलेला कोट, हातात बर्फावरचं पायताण. नवं, स्वतः वाकवलेल्या फांदीचं, ताज्या दोराचं. एकच. तिने ते माझ्या काचेवर, बरोबर माझ्या वर ठेवलं. कड्यावर कडं, दोरावर दोर, गाठीवर गाठ. आंधळ्यालाही दिसलं असतं.

पहारेकरी धावत आला. "अहो आजी, काचेवर काही ठेवायचं नाही."

"बघ रे जरा. वरचं बघ आणि खालचं बघ."

"बघितलं, बघितलं. छान आहे. पण ओलं आहे ना ते. पाणी गळतंय." त्याने ते अदबीने दोन बोटांत उचललं आणि दाराजवळच्या छत्र्यांच्या खोक्यात उभं केलं. "जाताना घेऊन जा हं. आणि दुसरं कुठेय? एकच कसं?"

"दुसरं आजोबांना पोचवलं," तोवा म्हणाली.

त्याला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे. त्याने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. काचेवर अंगठा टेकवून थोडी उभी राहिली आणि बर्फात निघून गेली. पायताण नेलं नाही. त्यानंतर ती आली नाही. वसंतात आली नाही, पुढच्या हिवाळ्यातही नाही. कोबारी एकदा गिऱ्हाइकाला मला दाखवायला आला होता, तेव्हा ओझरतं म्हणाला, "हिचा गंज काढणारी आमची बाई गेली हो. हात काय होता तिचा!" मग त्याने घड्याळ पाहिलं.

माझ्या कपाटातून समोर दार दिसतं आणि दारापाशी ते छत्र्यांचं खोकं. पायताण तिथेच होतं. कुणाचं म्हणून कुणी नेत नव्हतं, कुणाचं तरी असेल म्हणून कुणी टाकत नव्हतं. मी रोज त्याच्याकडे बघायचे. थडग्यावरचं जोडीचं एव्हाना बर्फात कुजलं असेल. हे मात्र कोरडं होतं, आणि त्याची गाठ तशीच होती.

परवा एक म्हातारं जोडपं आलं. बोलण्यावरून आमच्याच डोंगरातलं. म्हातारा माझ्यासमोर आला आणि एकदम थांबला.

"अगं ए, हे बघ! हे तर आपलं —"

या काचेत पहिल्यांदाच कुणा परक्याने मला पाटीआधी पाहिलं होतं. बोल, म्हटलं. बोल बाबा, एक शब्द बोल.

"पाटी वाचा आधी," बायको म्हणाली. "उगाच लोकांत हसं करून घ्याल."

त्याने चष्मा चढवला. वाचली. कान लाल झाले त्याचे. "हां. चाक. रथाचं चाक आहे ते."

"मग? तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही."

माझी एक विनवणी आहे. करणार नाही तुम्ही, तरी सांगते. काचेपुढे उभे राहिलात की आधी वस्तू बघा. तुमच्या घरच्या दाराशी टांगलेलं तुम्हाला तिच्यात दिसलं, तर पाटीला घाबरू नका. मोठ्याने म्हणा. तुमचं चुकलं तर लोक घटकाभर हसतील. तुम्ही गप्प बसलात, तर कुणाचं तरी थडगं कायमचं रिकामं राहील.

ते जोडपं निघालं. दारापाशी छत्री काढताना म्हाताऱ्याला खोक्यातलं पायताण दिसलं. त्याचा चेहरा उजळला. इथे त्याला पाटी आडवी येणार नव्हती.

"हे बघ, कुणीतरी विसरलंय! फांदी काय सुरेख वाकवलीय." त्याने ते उलटंपालटं केलं. "पण गाठ उलटी मारलीय गं वेड्याने. पहिल्याच चढाला सुटेल."

माणूस चांगला होता. परक्याचं पायताणही तसंच टाकून जाववेना त्याला. तो दारातच उकिडवा बसला, दाताने तोवाची गाठ सैल केली, सोडली, आणि उजव्या हाताने नीट, घट्ट, सुलट बांधून ते पायताण परत खोक्यात ठेवलं. मग बायकोच्या डोक्यावर छत्री धरून बर्फात गेला.

आता जगात ती डाव्या हाताची गाठ एकच उरलीय. माझ्या अंगावर. आणि तिला लोक लाट म्हणतात.